देवनागरी शब्दचिन्हातली निगेटिव्ह स्पेस: 'वाडा'मध्ये कमान कशी काढायची?

काना_मात्रा
निगेटिव्ह स्पेसचा, म्हणजे आकारांमधल्या रिकाम्या जागेतून दुसरी आकृती दाखवण्याचा विषय निघाला की उदाहरणं ठरलेली असतात: फेडेक्सच्या लोगोतला बाण, डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेचा पांडा, रुबिनची दोन चेहऱ्यांमधली फुलदाणी. तिन्ही उत्तम आहेत, पण देवनागरीत काम करणाऱ्याच्या हाती त्यातून थेट फारसं लागत नाही. लॅटिन अक्षरं सुटी उभी असतात, आपली शिरोरेषेला टांगलेली. त्यामुळे आपल्या दोन अक्षरांमधली पांढरी जागा वरून बंद आणि खालून उघडी असते. तिच्याकडून आकृतीचं काम करून घ्यायचं तर मापं, वळणं आणि छपाईतल्या अडचणी सगळंच वेगळं मांडावं लागतं.

चर्चा भरकटू नये म्हणून शब्दचिन्हासाठी (अक्षरांनीच बनलेल्या लोगोसाठी) एकच शब्द धरू: 'वाडा'. 'व'चा काना आणि त्यापुढचा काना यांच्यामधल्या फटीत दाराची कमान दिसली पाहिजे. काळ्यात शब्द वाचता यावा, पांढऱ्यात दार दिसावं. अक्षर जाड आणि एकसारख्या रुंदीच्या रेघेचं. कृपया मापांसकट लिहा, नुसत्या 'सुंदर कल्पना' नकोत.

रेघोटी
शब्द योग्य निवडलात. वरून बंद, खालून उघडी अशा जागेत जमिनीवर उभ्या राहणाऱ्या वस्तू बसतात: दार, मनोरा, बाटली, झाडाचं खोड. मासा, पान, ज्योत असे चहूबाजूंनी मिटलेले आकार त्या फटीत कोंबले की खालच्या बाजूने फुटतात, मग डिझायनर खाली एक जादा रेघ ओढतो आणि अक्षर बिघडतं. आधी आकार ठरवून मग त्याला अक्षरात जागा शोधू नका. अक्षरांमधल्या जागा आधी काळ्या भरून बघा आणि त्यातली कुठली कशाच्या जवळ जाते ते शोधा.

आता मापं. काना २० एकक जाड, शिरोरेषा १८. आडवी रेघ त्याच जाडीची असली तरी डोळ्याला जास्त जाड दिसते, म्हणून ती दोन एकक कमी. शिरोरेषेच्या खालून कान्याच्या पायापर्यंत उंची १००. एरवी या जाडीच्या अक्षरात दोन कान्यांमधली फट ३० ते ३५ एकक असते. दारासाठी ती ४६ करा. ५५च्या पुढे गेलात तर दुसरा काना 'व'पासून तुटून पुढच्या 'ड'कडे ओढला जातो.

कमान टोकदार घ्या. ४६च्या रुंदीवर दोन कंस, प्रत्येकाची त्रिज्या ४६, आणि प्रत्येकाचं केंद्र समोरच्या बाजूच्या उगमबिंदूवर, म्हणजे कमान जिथून सुरू होते तिथे. अशा कमानीची उंची जवळपास ४० येते. कमान पायापासून ५६ एककांवर सुरू केली की टोक ९६वर पोचतं आणि शिरोरेषेखाली ४ एकक काळं उरतं. तेवढं ठेवाच. टोक शिरोरेषेला भिडलं तर तिथे रेघ कापल्यासारखी दिसते.

अर्धगोल कमान काढायला सोपी आहे, पण नुसत्या पांढऱ्या आकारात ती बोगदा वाटते. टोकदार कमानीचं दार आपल्याकडे डोळ्यात बसलेलं आहे, शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बघा. महिरप काढायचा मोह होईल, पण तिच्या पाकळ्या ३० मिमी रुंदीच्या छापील शब्दात एकमेकींत मिसळतात आणि कडा कुरतडल्यासारखी दिसते.

ठसा
मापं पटली, पण एक मोठी गोष्ट राहिली: 'व'चं पोट. 'वाडा'मध्ये सगळ्या बाजूंनी बंद अशी पांढरी जागा ती एकच आहे. डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिनने १९१५च्या प्रबंधात मांडलं ते इथे थेट लागू होतं. दोन भागांमधली कडा एका वेळी एकाच भागाची असते. ज्या भागाची ती होते तो आकृती बनतो आणि दुसरा त्याच्या मागे पसरत गेल्यासारखा वाटतो. लहान, बंदिस्त आणि बाहेर फुगलेला भाग ही कडा आधी पटकावतो. म्हणजे नजर दाराआधी 'व'च्या पोटात जाणार.

उपाय: पोट लहान करा. २६ बाय ३२चा लंबगोल ठेवला तर त्याचं क्षेत्रफळ साडेसहाशेच्या आसपास येतं. रेघोटी यांच्या मापाने दार ३८००च्या वर जातं. सहाव्या हिश्शाचं पोट दाराशी स्पर्धा करत नाही. त्याला चौकोनी खिडकी करू नका. मग दोन गोष्टी सांगितल्यासारखं होतं आणि 'व'सुद्धा 'व' राहत नाही.

'ड' आणि शेवटचा काना यांच्यातली फट २८ ते ३० वर ठेवा. दोन्ही फटी सारख्या रुंद झाल्या तर ते दार न राहता अक्षरांमधलं अंतर ठरतं. दार वेगळं दिसतं ते शेजारची फट अरुंद असते म्हणून.

नवी_पाटी
दार खालून उघडं आहे, पांढरं पानात वाहून जातंय. खाली बारीक उंबरठा काढला तर? ४–५ एककांची रेघ.

रेघोटी
नको. उंबरठा काढला की 'वा'ला चौकट मिळते आणि वाचणारा क्षणभर अडखळतो, कारण कान्याचे पाय जोडलेलं अक्षर त्याच्या ओळखीचं नाही. आकृती-पार्श्वभूमीच्या खेळात काळं वाचन आधी पक्कं हवं. पांढऱ्यासाठी काळ्याचा बळी दिला तर दोन्ही जातात.

त्याऐवजी दोन्ही कान्यांच्या पायाशी आतल्या बाजूला ३-३ एककांचं जोतं द्या, उंची ८. दाराची खालची रुंदी ४६ची ४० होते. जागा किंचित आवळली की उरलेली कडा डोळा स्वतः पुरी करतो. पांड्याच्या डोक्यावर आणि पाठीवर रेघ नाही, तरी पांडा पुरा दिसतो, तो याच गुणाने.

बाहेरच्या बाजूला जोतं देऊ नका. कान्याला सेरिफ (रेघेच्या टोकाची आडवी शेपटी) फुटल्यासारखं दिसतं आणि मग शेवटच्या कान्यालाही ते द्यावं लागतं.

पिक्सेलपाटी
सॉफ्टवेअरमधल्या चुका मी लिहिते, कारण देवनागरीत त्या वेगळ्या आहेत.

इलस्ट्रेटरमध्ये टाइप करण्याआधी परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. 'वाडा'त ते कळणार नाही, 'दिंडी'त लगेच कळेल. मग आउटलाइन करा, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे आकार बनवा. आता आउटलाइन मोडमध्ये शिरोरेषेकडे बघा. ती एक रेघ नसते. प्रत्येक अक्षराचा स्वतःचा तुकडा असतो आणि शेजारचे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. हे तुकडे तसेच ठेवून कंपाउंड पाथ केला आणि फिल रूल इव्हन-ऑड असला तर चढलेल्या जागी पांढऱ्या चिरा पडतात. कटिंग प्लॉटरला फाइल दिली तर तो प्रत्येक सांध्यावर आडवं पातं चालवतो आणि व्हिनाइलचा शब्द चार तुकड्यांत निघतो. म्हणून आउटलाइननंतरचं पहिलं काम युनाइट, म्हणजे सगळे तुकडे जोडून एक आकार. बाकी सगळं नंतर.

युनाइट झाल्यावर कमानीचा आकार स्वतंत्र, बंद पाथ म्हणून काढा. खालून तो पायाच्या ५–१० एकक बाहेर जाऊ द्या. फटीच्या जागी आधी एक काळा आयत भरा, तो शब्दात युनाइट करा आणि मग कमान मायनस फ्रंटने (वरचा आकार खालच्यातून वजा करून) कापा. असं केलं की दाराची कडा एकाच पाथची राहते. कान्याचे नोड ओढून ओढून कमान केली तर डावीकडचा आणि उजवीकडचा कंस कधीच तंतोतंत जुळत नाही, आणि पांढऱ्या आकारातला असमतोल काळ्यापेक्षा लवकर डोळ्यात येतो.

शेवटी मागे भडक मजेंटाचा थर टाका. दारातून आणि 'व'च्या पोटातून मजेंटा दिसला तर ती खरी भोकं आहेत. पांढरं दिसलं तर कुणीतरी पांढरा आकार वर ठेवलाय, आणि तो रंगीत कागदावर किंवा वेबसाइटच्या डार्क मोडमध्ये उघडा पडणार.

काना_मात्रा
डार्क मोडवरून पुढचा प्रश्न: रिव्हर्स, म्हणजे गडद रंगावर पांढरा शब्द, कसं करायचं? नुसतं इन्व्हर्ट करून भागेल का?

ठसा
आधी हे बघा की उलट केल्यावर अर्थ टिकतो का. पांडा उलटा करता येत नाही. त्याचे डोळे-कान काळे आहेत हीच त्याची ओळख, इन्व्हर्ट केला की फोटोची निगेटिव्ह दिसते. म्हणून गडद रंगावर तो पांढऱ्या चौकटीत ठेवावा लागतो. 'वाडा'ची गोष्ट सोपी आहे. पांढऱ्या भिंतीत काळं दार हेही दारच. रंगछटेवर अवलंबून नसलेली आकृती निवडल्याचा हा फायदा.

मापं मात्र बदलतात. गडद पार्श्वभूमीवरचा पांढरा आकार डोळ्याला असतो त्याहून मोठा दिसतो. त्यामुळे उलट केलेल्या शब्दात काने फुगतात आणि दार आक्रसतं. ऑफसेट पाथने सगळ्या कडा अर्ध्या एककाने आत घ्या: काना १९, शिरोरेषा १७, दार ४७. ही फाइल वेगळी जपून ठेवा, 'वाडा_रिव्हर्स' अशा नावाने.

शाईवाला
थांबा, हे स्क्रीनपुरतं खरं आहे. वर्तमानपत्राच्या छपाईला हीच फाइल दिलीत तर उलटा परिणाम होईल. काळ्या पट्ट्यात पांढरी अक्षरं छापताना शाई कडेवरून आत सरकते, म्हणजे पांढऱ्याची जागा खाते. न्यूजप्रिंट शाई शोषून पसरवतो, ५० टक्क्यांचा ठिपका छापून झाल्यावर ७५च्या आसपास भरतो. स्क्रीनसाठी बारीक केलेले काने तिथे आणखी बारीक होतात.

शब्द ३० मिमी रुंद छापायचा असेल तर या रेखाटनाचं प्रमाण साधारण १ एककाला ०.१ मिमी पडतं. कडेला ०.०५ मिमी शाई सरकते असं धरून चाला, म्हणजे अर्धा एकक. म्हणून न्यूजप्रिंटवरच्या रिव्हर्ससाठी कडा अर्ध्या एककाने बाहेर काढा. छपाईत त्या मूळ जागी येतात. आर्ट पेपरला मूळ मापंच ठेवा. तिथे शाईचं पसरणं आणि डोळ्याचं फुगवणं बरंचसं एकमेकांना खाऊन टाकतं. प्रूफ आलं की भिंगाने दाराची रुंदी मोजा आणि मग आकडा पक्का करा.

दुसरं, रिव्हर्सची पार्श्वभूमी चार रंगांचा काळा करू नका. चार प्लेटांपैकी एक जरी ०.१ मिमी सरकली तरी दाराच्या कडेला निळी किंवा लाल किनार उमटते, आणि कडा हेच तर आपलं सगळं भांडवल आहे. गडद काळा हवाच असेल तर पांढऱ्या शब्दामागे त्याचीच प्रत ठेवा, तिला ०.६ पॉइंटची नुसत्या काळ्याची रेघ द्या (निम्मी पांढऱ्या शब्दाखाली झाकते) आणि ओव्हरप्रिंट (खालच्या रंगांवरच छापणं) बंद ठेवा. त्या किनारीत बाकीचे तीन रंग मागे सरतात आणि कडा एकट्या काळ्या प्लेटची राहते.

ठसा
मान्य. मग फाइली तीन होतात: मूळ, स्क्रीनचा रिव्हर्स, न्यूजप्रिंटचा रिव्हर्स. नावातच माध्यम लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी चुकीची उचलतो.

पिक्सेलपाटी
लहान आकाराची चौथी लागेल. शब्द १६ मिमी रुंदीवर आला की जोतं जेमतेम ०.१५ मिमी उरतं, म्हणजे छपाईत कान्याच्या पायाला चिकटलेली घाण. त्या आवृत्तीतून जोतं काढा आणि दार ५० करा.

फॅव्हिकॉनला (ब्राउझरच्या टॅबवरच्या छोट्या चिन्हाला) पूर्ण शब्द बसत नाही, फक्त 'वा' घ्या. १६ पिक्सेलांची वाटणी अशी: 'व' कान्यासकट ९, दार ५, काना २. दाराची रुंदी विषम ठेवण्याचं कारण कमानीचं टोक. ते मधल्या एका पिक्सेलवर बसतं. ४ किंवा ६ घेतलं तर टोक दोन पिक्सेलांत विभागून धूसर होतं. कमान हाताने पिक्सेल भरून करा: टोकाच्या ओळीत १, खालच्या ओळीत ३, मग ५.

नवी_पाटी
हीच युक्ती 'धारा'ला चालेल? दोन्ही कान्यांच्या मधे पाण्याची धार?

रेघोटी
धार वरून खाली येते आणि जागा खालून उघडी आहे, म्हणजे कल्पना जुळते. पण 'ध'मध्ये सापळा आहे. 'ध' आणि 'घ' यांत मुख्य फरक शिरोरेषेतल्या फटीचा. 'भ' आणि 'म'चंही तसंच. म्हणजे इथे पांढरी जागा सजावटीची नाही, तिच्यावर वाचन टांगलेलं आहे. ठळक अक्षरात ही फट आधीच अरुंद असते. शाई पसरली की ती बुजते आणि 'धारा'चं 'घारा' होतं, 'भार'चा 'मार' होतो.

अशा शब्दांत आधी ही वाचनाची फट सुरक्षित करा. फट कान्याच्या जाडीच्या निम्म्याहून कमी नको, म्हणजे आपल्या मापात किमान १० एकक, आणि 'ध'च्या डोक्यावरची गाठ ठसठशीत. शिवाय धारेची फट वरून बंद आणि शिरोरेषेतली फट वरून उघडी, अशा दोन पांढऱ्या जागा शेजारी येतात. त्या एकमेकींत वाहू लागल्या तर अक्षर विरघळतं. मी हा शब्द निगेटिव्ह स्पेससाठी घेणार नाही.

शिरोरेषा गाळून अक्षरं मांडण्याची जी चाल आहे, तिच्यात तर जागेचं छप्परच जातं. तिथे दार, मनोरा काहीच उभं राहत नाही. मग वक्र कडांच्या अक्षरांवर भर द्यावा लागतो: ट, ठ, द, ह.

काना_मात्रा
दिसतंय की नाही हे तपासायचं कसं? आपण काढलेलं आपल्याला दिसतंच.

ठसा
आधी हे ठरवा की दार किती लवकर दिसावं. जपानी डिझायनर शिगेओ फुकुदाचं १९७५चं केइओ डिपार्टमेंट स्टोअरमधल्या प्रदर्शनाचं पोस्टर बघा. पुरुषांच्या काळ्या पायांमधल्या पांढऱ्यात बायकांचे पाय. काळं-पांढरं जवळपास निम्मं-निम्मं, म्हणून नजर सतत उलटसुलट होते. पोस्टरला ते छान, शब्दचिन्हाला जाचक. दुसऱ्या टोकाला फेडेक्स. १९९४मध्ये लँडोर या डिझाइन कंपनीच्या लिंडन लीडरने युनिव्हर्स आणि फ्युचुरा या दोन टंकांचे गुण एकत्र करून, लहान अक्षरांची उंची वाढवून 'ई' आणि 'एक्स'मध्ये बाण साधला. शब्द वाचून होतो, बाण नंतर सापडतो, आणि नाही सापडला तरी काही अडत नाही.

तिसरा प्रकार कार्फूर या फ्रेंच सुपरमार्केट कंपनीचा, १९६६पासूनचा. लाल आणि निळ्या बाणांमध्ये पांढरा 'सी' आहे, पण अनेकांना तो वर्षानुवर्षं दिसत नाही. कारण कडांची मालकी. डावी कडा लाल आकाराची, उजवी निळ्याची. दोन वेगळ्या रंगांच्या वस्तू दिसल्या की मधलं पांढरं हे नुसतं त्यांच्यातलं अंतर ठरतं. यातून 'वाडा'साठी थेट नियम निघतो: 'व' आणि त्यापुढचा काना कधीच वेगवेगळ्या रंगात देऊ नका. ग्राहक 'वा' लाल आणि 'डा' काळा मागेल, ते चालेल. दाराच्या दोन्ही भिंती एकाच रंगाच्या हव्यात.

चाचणीसाठी ज्याने डिझाइन पाहिलेलं नाही अशाला दोन सेकंद दाखवा आणि 'काय लिहिलंय?' एवढंच विचारा. 'काय दिसतंय?' विचारलं की माणूस शोधायला लागतो आणि उत्तर बिघडतं. शब्द बरोबर आला की मग 'आणखी काही?' दहा जणांपैकी एक जण जरी शब्द वाचताना अडखळला तर दार अरुंद करा. शब्द सगळ्यांनी वाचला आणि दार कुणालाच दिसलं नाही तर शेजारची फट अजून आवळा. कमानीला नक्षी वाढवू नका.

स्वतःसाठी सोपी तपासणी: शब्द उलटा धरा. वाचन थांबतं आणि आकार उरतात.

शाईवाला
शब्द भिंतीवर किंवा कापडावर जाणार असेल तर त्याचीही नोंद करून ठेवतो. कापडावर स्क्रीन प्रिंटिंगमध्ये अर्ध्या मिलिमीटरपेक्षा अरुंद पांढरी फट धरू नका. भरतकामात १ मिमी, कारण धागा कापड ओढतो आणि फटी मिटतात. स्टेन्सिल कापताना 'व'चं पोट सुटून पडतं, त्याला किमान एक पूल द्यावा लागतो. दार पडत नाही, पण ते खालूनच जोडलेल्या उंच जिभेसारखं राहतं आणि स्प्रेच्या झोताने उचललं जाऊन रंग मागे शिरतो. पातळ ओएचपी शीट सोडा, ०.२५ मिमीचं मायलर घ्या आणि जिभेच्या टोकाला मागून दुहेरी टेप लावा.

नवी_पाटी
आणि भिंतीवर उठावाची पितळी अक्षरं?

शाईवाला
तिथे कडा सावली ठरवते. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत, पुण्याचा अक्षांश साडेअठरा. मार्च-सप्टेंबरमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ७१ अंशांवर असतो. अक्षरं २५ मिमी जाड असतील तर शिरोरेषेची सावली भिंतीवर सुमारे ७५ मिमी खाली उतरते. शब्द जवळपास ९३० मिमी रुंद, म्हणजे एककाला ३ मिमी धरलं, तर कमानीची उंची १२० मिमी. तिचा वरचा अर्ध्याहून जास्त भाग सावलीत बुडाला आणि दाराचं टोक गेलं. डिसेंबरात सूर्य ४८ अंशांवर असतो, सावली २८ मिमी, तेव्हा कमान बरी दिसते. जूनमध्ये दुपारचा सूर्य उत्तरेला सरकतो, या भिंतीवर तेव्हा ऊनच नसतं.

जाडी ५ मिमीवर आणा. मार्चची सावलीसुद्धा १५ मिमीत आटोपते. अक्षरं भिंतीपासून स्पेसर देऊन उचलायची असतील तर स्पेसरची उंचीही जाडीतच धरा. मागून एलईडी लावणार असाल तर दाराच्या दोन्ही कडांच्या मागे पट्टी नको. उजेड फटीत दोन्हीकडून सांडतो, कमान उजळून पसरट होते आणि टोक दिसेनासं होतं. पट्टी शिरोरेषेच्या मागे आणि 'ड'च्या मागे द्या, दार मागच्या भिंतीच्या रंगावर सोडा.

काना_मात्रा
सगळ्यांचे आभार. मापं एकत्र करून चारही फाइलींचं रेखाटन याच धाग्यात जोडते. 'ल' आणि 'श' असलेल्या शब्दांसाठी वेगळा धागा काढू. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' घेतला की आतल्या जागा पार बदलतात, मराठी वर्णमालेच्या शासन निर्णयातली रूपं समोर ठेवूनच ती मापं काढावी लागतील.